वर्गाला वळण लागते ते कसे?

शाळेच्या व्हरांड्यातून जाताना एखादा वर्ग अगदी चिडीचूप दिसला, की आपण सहज म्हणून जातो, "वा, काय शिस्त आहे!" शेजारच्या वर्गातून गलका ऐकू आला, की कपाळाला आठ्या पडतात. गेली दोन वर्षे पालकसभेत हा विषय या ना त्या रूपाने निघतोच आहे. यंदा विश्वस्त मंडळापुढे त्यातूनच दोन सूचना आल्या आहेत. पहिली, दर महिन्याला सर्वांत शांत वर्गाला फिरती ढाल द्यावी. दुसरी, प्रत्येक वर्गाच्या दारावर पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलांचा फलक लावावा. दोन्ही सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण त्यांवर निर्णय होण्यापूर्वी वर्गाच्या आत नेमके काय घडते आणि कशाने घडते, हे पालकांना व विश्वस्तांना माहीत असावे, म्हणून चौथीची वर्गशिक्षिका या नात्याने हे लिहीत आहे. मुलांनीही वाचायला हरकत नाही, त्यांच्याविषयीच आहे.

वर्गातली शांतता दोन प्रकारची असते. एक भीतीची. ती शिक्षक दारात दिसताच पसरते आणि शिक्षक पाठमोरे होताच विरते. दुसरी गुंतल्याची, म्हणजे मुलांचे मन एखाद्या कामात, गोष्टीत किंवा गणितात गुंतले की आपोआप होणारी. ही दुसरी शांतता शिक्षक पाच मिनिटे वर्गाबाहेर गेले तरी टिकते. व्हरांड्यातून दोन्ही सारख्याच दिसतात, हीच अडचण आहे. ढाल देणाऱ्याला त्यांतला फरक कळणार कसा?

हा फरक ज्यांनी आपल्या भागात सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्टपणे मांडला, ते गृहस्थ बडोद्यापासून फार लांबचे नव्हेत. खंभातच्या आखातापलीकडे भावनगर आहे. तेथे गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. गिजुभाईंचा जन्म १८८५चा. शिक्षक होण्याआधी ते वकिली करीत. १९१३ साली मुलगा झाला आणि त्याला कोणत्या शाळेत घालावे या विचाराने ते बालशिक्षणाची पुस्तके वाचू लागले. माँटेसरीबाईंचे लेखन त्यांच्या हाती आले, आणि वकिली मागे पडली ती कायमची. १९१६ साली ते दक्षिणामूर्तीत दाखल झाले. भरघोस मिशा असलेल्या या माणसाला गुजराती लोक प्रेमाने 'मूछाळी मा', म्हणजे मिशाळ आई, म्हणत. १९३९च्या जून महिन्यात ते वारले. ज्यांच्या पुस्तकांनी त्यांचे आयुष्य बदलले त्या माँटेसरीबाई प्रथम भारतात आल्या त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. दोघांची येथे भेट व्हायची राहून गेली, याची चुटपुट लागते.

गिजुभाईंनी 'दिवास्वप्न' नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले आहे. ते कथारूप आहे. लक्ष्मीराम नावाचा एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि म्हणतो, "मला प्रयोग करायला एक वर्ग द्या." अधिकारी हसतात, पण चौथीचा वर्ग देतात. अट एकच, वर्षअखेर परीक्षा व्हायची ती होणारच. चौथीच! आमच्या शिक्षकखोलीत हे पुस्तक कधीचे कपाटात होते. ते मी नव्याने वाचले तेव्हा वर्ग जुळून आल्याची गंमत वाटली.

पुस्तकातला लक्ष्मीराम पहिल्या दिवशी मोठ्या तयारीने येतो. मुलांकडून शांततेचा खेळ करून घ्यायचा असे त्याने ठरवलेले असते. दारे-खिडक्या लावून अंधार करतो आणि मुलांना गप्प बसायला सांगतो. काय होते? कुठून तरी मांजराचा आवाज येतो, कोणी पाय आपटतो, सगळा वर्ग खिदळू लागतो. प्रयोग पहिल्याच तासाला आडवा! शेवटी तो मुलांना सुटी देऊन मोकळा होतो आणि वरिष्ठांची बोलणी खातो. दुसऱ्या दिवशी तो शांतता मागतच नाही. तो गोष्ट सांगायला बसतो. आदल्या दिवशी जी मुले ऐकत नव्हती, तीच त्याच्याभोवती सरकत येतात. गोष्ट मध्येच थांबवून तो हजेरी घेतो, तर ती चटकन उरकते, कारण सगळ्यांना पुढचे ऐकायचे असते. गिजुभाईंनी आपल्याच नायकाची फजिती पहिल्या काही पानांत दाखवून टाकली, हे मला फार आवडते. वर्गाचे वळण हुकमाने लागत नाही. मुलांना हवीशी वाटणारी एखादी गोष्ट वर्गात असली, तर ती टिकवण्यासाठी मुले स्वतःच नियम पाळतात.

त्याच पुस्तकात पुढे लक्ष्मीराम मुलांच्या पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून गोष्टींच्या पुस्तकांचे वर्गवाचनालय उभे करतो आणि पालक नाराज होतात. सहकारी शिक्षक चेष्टा करतात. म्हणजे नव्वद वर्षांत पालक, शिक्षक आणि अधिकारी यांच्या भूमिका फारशा बदललेल्या नाहीत, असे म्हणायला हरकत नाही. (रागावू नये.)

आता आमच्या चौथीकडे वळते. वर्गात एकतीस मुले आहेत. त्यांत तीन-चार पिढ्या बडोद्यात राहिलेल्या घरांतली आहेत, वडिलांच्या कामासाठी खानदेशातून अलीकडे आलेल्या घरांतली आहेत, आणि आई मराठी व वडील गुजराती अशा घरांतलीही आहेत. मला कोणी 'बाई' म्हणतात, कोणी 'बेन'. दोन्हीला मी ओ देते.

जूनमध्ये पहिल्याच आठवड्यात वर्गाचे नियम मुलांनाच करायला सांगितले. ज्यांना वाटते की मुलांच्या हाती कारभार दिला की लाड होतात, त्यांनी ती यादी पाहायला हवी होती. तेवीस सूचना आल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक शिक्षाच होत्या: उठाबशा, बाकावर उभे करणे, रिसेस बंद, शंभर वेळा लिहिणे. मुले मोठ्यांपेक्षा कडक असतात. मग एकेक सूचना घेऊन विचारले, "हे तुला झाले तर चालेल?" दोन दिवस चर्चा चालली. शेवटी चार नियम उरले आणि ते मुलांच्याच अक्षरात भिंतीवर लागले. बोलणाऱ्याचे बोलणे पुरे होऊ द्यायचे. चुकलेल्या उत्तराला हसायचे नाही. दुसऱ्याची वस्तू विचारून घ्यायची. सांडले तर पुसायचे, मोडले तर सांगायचे.

यांतला दुसरा नियम सर्वांत अवघड ठरला, आणि माझ्या मते वर्गाचे सारे वळण त्या एका नियमावर अवलंबून आहे.

चुकलेल्या उत्तराला वर्ग हसला की काय होते ते पाहा. हसणारी मुले दोन मिनिटांत विसरतात. चुकलेले मूल मात्र एक हिशेब करते: हात वर केला तर हसू होण्याची शक्यता, नाही केला तर काहीच नाही. चार-सहा वेळा असे झाले की ते हात वर करायचे सोडते. बाहेरून ते 'शांत मूल' दिसते. प्रगतिपुस्तकात 'वर्तन उत्तम' असा शेराही मिळतो. आणि गणितात त्याला नेमके कुठे अडते आहे, हे शिक्षकाला कळायची वाट बंद होते. चूक उघड झाली नाही तर ती दुरुस्त कशी करायची? म्हणून ज्या वर्गात चुकायला भीती वाटते, तो वर्ग कितीही शांत असला तरी शिकण्याच्या दृष्टीने तो अडलेला वर्ग आहे.

आमच्या वर्गात हे हसू बहुतेक वेळा भाषेवरून फुटत असे. खानदेशातून आलेली एक मुलगी पहिल्या आठवड्यात 'मला' ऐवजी 'माले' म्हणाली आणि मागचा बाक फुटला. त्यानंतर जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिने वर्गात तोंड उघडले नाही. वही स्वच्छ, अक्षर सुरेख, पण आवाज नाही. गंमत अशी, की हसणाऱ्यांपैकी एकजण स्वतः खिडकीला 'बारी' म्हणतो आणि सुट्टीला 'रजा'. त्याला ते मराठीच वाटते, कारण त्याच्या आजोबांपासून घरात तसेच बोलतात.

यावर उपदेश करून उपयोग नव्हता. भिंतीवर एक मोठा कागद लावला आणि त्यावर 'एका वस्तूची अनेक नावे' लिहायला सुरुवात केली. पुस्तकात खिडकी, बडोद्यात बारी. पुस्तकात भाजी, कोणाच्या घरी शाक. मुलगा आणि मुलगी यांना अहिराणीत आंडोर आणि आंडेर म्हणतात, हे त्या मुलीच्या आजीने सांगून पाठवले. कागद भरू लागला तसे मुलांना त्याचे वेड लागले. मुले घरी जाऊन आजी-आजोबांना शब्द विचारू लागली. बहिणाबाई चौधरींनी खानदेशातल्या आपल्या बोलीतच ओव्या रचल्या आणि त्यांच्या कविता मराठीच्या पाठ्यपुस्तकांत आल्या, हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरही थोडी शांतता झाली. त्या मुलीने ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीच्या चार दिवस आधी, स्वतःहून हात वर केला. प्रमाण मराठी शिकवणे आम्ही सोडलेले नाही, परीक्षेत 'मला'च लिहायचे आहे आणि ती ते लिहिते. पण घरची बोली लाजिरवाणी ठरवून प्रमाणभाषा शिकवता येत नाही. आपण महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवतो, तेव्हा हे जरा जास्तच ध्यानात ठेवायला हवे. शाळेतच जिच्या मराठीला हसले गेले, ती मुलगी पुढे आपल्या मुलांशी मराठीत का बोलेल?

दुसरी एक गोष्ट साधी आहे, तिला खर्च नाही आणि साहित्य लागत नाही. प्रश्न विचारल्यावर थांबायचे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासून १९७०च्या दशकात एक निरीक्षण प्रसिद्ध केले. प्रश्न विचारल्यापासून शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, तेवढ्यात उत्तर आले नाही तर दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः सांगून टाकतात. हीच वेळ तीन सेकंदांवर नेली तर उत्तरे लांब होतात, उत्तर न देणाऱ्यांची संख्या घटते आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, असे त्यांना आढळले. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण फळ्यापुढे उभे राहून थांबून पाहावे, फार लांब वाटतात! पुढच्या बाकावरचे चार हात हलत असतात, "बाई मी, बाई मी" चाललेले असते. आता चौथीत ठरले आहे की प्रश्न झाल्यावर मी मनात पाच आकडे मोजीन आणि तोवर कोणी हात वर करायचा नाही. यामुळे चटपटीत मुलांच्या पालकांपैकी एक-दोघांनी तक्रार केली, की आमच्या मुलाला संधी कमी मिळते. त्यांचे म्हणणे खरे आहे. संधी तेवढीच आहे, ती एकतीस जणांत वाटली की काहींच्या वाट्याला कमी येणारच.

मॉनिटरची पद्धत या वर्षी बदलली. पूर्वी शिक्षक बाहेर गेले, की मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावे लिहीत असे. आपण सगळे त्यातून गेलो आहोत, तेव्हा त्या यादीत मॉनिटरच्या मित्राचे नाव कधी येत नाही हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. या पद्धतीने एका मुलाला हवालदार आणि बाकीच्यांना चोर करून ठेवले जाते. आता दर सोमवारी कामे वाटली जातात: फळा, पाण्याचा माठ, पुस्तकपेटी, कुंड्या, हजेरीचा तक्ता, चपलांची रांग. एकतीसही मुलांना फिरून कामे येतात. जो मुलगा वर्षभर सर्वांत जास्त ओरडा खाईल असे वाटले होते, तो पुस्तकपेटी इतक्या काटेकोरपणे सांभाळतो, की पुस्तक उशिरा परत केल्याबद्दल मलाही त्याने टोकले.

शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी शेवटची वीस मिनिटे वर्गाची सभा. आठवड्यातली भांडणे तिथे येतात. एकच पद्धत पाळतो: आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याने काय म्हटले ते आपल्या शब्दांत सांगायचे, आणि समोरचा "हो, मी हेच म्हटले" म्हणाला तरच पुढे जायचे. निम्मी भांडणे इथेच संपतात, कारण दुसऱ्याने म्हटले होते वेगळे आणि ऐकले गेले होते भलतेच. उत्तरायणानंतरच्या शनिवारी फिरकीवरून झालेले एक भांडण मात्र चाळीस मिनिटे चालले आणि सुटले नाही. दोघांच्याही बोटांना मांजाचे काप होते आणि दोघेही हटून बसले होते. पुढच्या शनिवारी विषय निघाला तेव्हा दोघांनाही ते नीट आठवत नव्हते.

पालक मला रस्त्यात भेटतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येते, "बाई, ऐकत नसेल तर द्या दोन ठेवून, आमची काही हरकत नाही." ते विश्वासाने म्हणतात, त्याबद्दल आदर आहे. पण हे पालकांच्या हरकतीवर अवलंबून नाही. शिक्षणहक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे आणि त्याच्या सतराव्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींची मनाई केली आहे. मानसिक हा शब्द महत्त्वाचा आहे. वर्गासमोर "तुझ्या डोक्यात काय बटाटे भरलेत?" असे म्हणणे हातावर पट्टी मारण्यापेक्षा हलके नसते. कायदा बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार असा आहे, की मार खाल्लेले मूल आपण काय केले याचा विचार करत नाही, मारणाऱ्याचा करते.

मग काहीच करायचे नाही का? तसे मुळीच नाही, आणि हा गैरसमज दूर व्हावा अशी माझी इच्छा आहे. एका मुलाने पुस्तकपेटीतल्या पुस्तकाचे पान फाडले. त्याने रिसेसमध्ये खळ आणि कागद घेऊन ते पान चिकटवले, पुढे आणखी तीन जुनी पुस्तकेही चिकटवली. रिसेस गेली त्याची, आणि त्याला वाईटही वाटले. पण जे बिघडले तेच दुरुस्त करायचे होते. शंभर वेळा 'मी पान फाडणार नाही' लिहिण्यात पुस्तक फाटकेच राहिले असते. चौथीतल्या मुलांना हा फरक नीट समजतो, काही मोठ्यांना समजायला वेळ लागतो.

उशिरा येणाऱ्यांचेही तसेच. नवरात्रात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो, सकाळी मुले डोळे चोळत येतात. त्यांना दाराबाहेर उभे करण्याची रीत जुनी आहे. पण बाहेर उभे राहून मूल वेळेवर यायला शिकते असे दिसत नाही, तो तास मात्र बुडतो. मी गिजुभाईंच्या लक्ष्मीरामाकडून युक्ती उचलली: सकाळची पहिली दहा मिनिटे गोष्टीची, आणि गोष्ट चालू, म्हणजे रोज पुढे जाणारी. उशीर झाला तर तेवढी गोष्ट गेली, मी परत सांगत नाही. दोन आठवड्यांत उशिरा येणारी मुले नऊवरून दोनवर आली. उरलेल्या दोघांपैकी एका मुलीला विचारले तेव्हा कळले, की आई सकाळी सातला कामावर जाते आणि धाकट्या भावाला अंगणवाडीत पोचवून मगच तिला शाळेत यायचे असते. तिला शिस्त लावण्यासारखे काही नव्हतेच. शेजारच्या काकूंशी बोलून भावाची सोय लागली.

अशा वेळी मला ताराबाई मोडकांची आठवण होते. १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे ताराबाईंनी ते काम महाराष्ट्रात नेले. गुजरातच्या वेशीला लागून असलेल्या बोर्डीत १९४५ साली त्यांनी ग्रामबालशिक्षणाचे केंद्र काढले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले शाळेत येत नसत, कारण ती गुरे चारायला जात. 'मुले बेशिस्त आहेत' असा शेरा मारणे सोपे होते. या बायकांनी गुरे चरतात तिथेच, कुरणावर, शाळा नेली. तिलाच कुरणशाळा म्हणतात. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, पण माझ्या लेखी कुरणशाळा ही कल्पना त्या पदकाहून मोठी आहे. मूल का येत नाही, का बोलत नाही, का मारामारी करते, हे आधी पाहायचे, मग काय करायचे ते ठरवायचे. मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत रुजलेली ही आपल्याच घरची परंपरा आहे. तिच्यासाठी फार लांब पाहावे लागत नाही.

आता क्रमांकांच्या फलकाविषयी. रूथ बटलर या संशोधिकेने इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, म्हणजे काय जमले आणि काय सुधारावे हे लिहून दिले, आणि काहींना गुण व शेरा दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि गोडी दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्या मुलांना शेऱ्याचा फायदा झाल्याचे दिसले नाही. कारण घरी बसूनही ओळखता येते. पेपर हातात आला की आपण आधी आकडा पाहतो, मग शेजाऱ्याचा आकडा पाहतो, आणि लाल शाईतले वाक्य तसेच राहते. आमच्या वर्गात घटकचाचणीच्या वह्या मी आधी फक्त शेऱ्यासह परत देते, मुले चुका दुरुस्त करतात, आणि गुण दोन दिवसांनी सांगते. गुण लपवलेले नाहीत, फक्त उशिरा दिले आहेत. सुरुवातीला "किती मिळाले?" हा एकच प्रश्न घरी विचारला जात होता, त्यामुळे मुले रडकुंडीला येत. तेव्हा पालकांना एक विनंती आहे. त्या दोन दिवसांत "कुठे अडले होते?" असे विचारून पाहा.

दारावर तीन नावांचा फलक लागला तर तीन घरे आनंदतील, त्यांचा आनंद खरा असेल. अठ्ठावीस मुले रोज सकाळी त्या फलकाखालून वर्गात येतील. पहिल्या सहामाहीनंतर त्यांतल्या बहुतेकांना कळून चुकेल की आपले नाव तिथे लागणार नाही, आणि मग धावायचे कशाला? शांततेच्या ढालीचेही तेच होईल. ढाल मिळवायची म्हणून आम्ही शिक्षकच मुलांचे प्रश्न दाबू लागू, हे मी शिक्षिका म्हणून सांगते.

या सगळ्याला किंमत पडते, तीही सांगायला हवी. जून-जुलैत रोज सुमारे वीस मिनिटे नियम, कामे आणि भांडणे यांत गेली, आणि अभ्यासक्रमात आम्ही शेजारच्या तुकडीच्या एक धडा मागे पडलो. ऑगस्टअखेर ते भरून निघाले, कारण "गप्प बसा" म्हणण्यात जाणारा वेळ वाचला. आवाज मात्र राहिला आहे. गटात गणित सोडवताना एकतीस मुले कुजबुजली तरी त्याचा गोंगाट होतो, आणि शेजारच्या वर्गाच्या सरांना त्याचा त्रास होतो ही तक्रार योग्यच आहे. आम्ही दोघांनी मिळून गटकामाचे तास एकाच वेळी ठेवले आणि त्यांच्या चाचणीच्या दिवशी आमचा वर्ग मैदानातल्या निंबाखाली बसू लागला. दोन मुलांची मारामारी अजून थांबलेली नाही. त्यांच्या घरी जाऊन आले आहे, पुन्हा जाणार आहे.

विश्वस्त मंडळाला विनंती अशी. ढालीसाठी आणि फलकासाठी ठेवलेली रक्कम प्रत्येक वर्गाच्या पुस्तकपेटीसाठी द्यावी. चौथीच्या पेटीत आज शहाऐंशी पुस्तके आहेत, पहिली आणि दुसरीच्या पेट्या जवळजवळ रिकाम्या आहेत. आणि निर्णयाच्या सभेपूर्वी मंडळाच्या सभासदांनी कोणत्याही एका शनिवारी सकाळी चौथीत येऊन मागच्या बाकावर बसावे. पालकांनाही तेच निमंत्रण आहे. एका वेळी चारच जणांना बसता येईल, म्हणून कार्यालयात आधी नाव नोंदवावे. सभा साडेअकराला सुरू होते. येताना घरच्या बोलीतला, पुस्तकात नसलेला एक तरी शब्द घेऊन यावा. भिंतीवरच्या कागदाला मुलांनी तिसरा कागद जोडला आहे आणि त्यावर अजून बरीच जागा आहे.